आंगऱ्यांच्या जुन्या गुराबा आणि साहेबाची नवी फ्राम

मोहोपाडा, रसायनी, वाशिवली हा पट्टा आज कारखान्यांचा म्हणून ओळखला जातो. वाशिवलीच्या पाठीशी उभा असलेला माणिकगड पावसाळ्यात ट्रेकर मंडळी चढून येतात, टाक्यांतलं पाणी बघतात, फोटो काढतात आणि उतरतात. हा गड एके काळी एका दर्यावर्दी सरदाराच्या ताब्यात होता. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंगरे हे त्याचे धनी.

गोष्ट १७१३-१४ सालची. शाहू महाराजांनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. कान्होजी तेव्हा ताराबाईंच्या बाजूचे. त्यांनी पेशव्यालाच कैद केलं, लोहगड आणि राजमाची घेतली आणि साताऱ्याला धडकी भरवली. मग नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ पुढे झाले. त्यांनी लढाईपेक्षा बोलणी पत्करली आणि फेब्रुवारी १७१४ मध्ये तह झाला. कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि त्यांच्याकडे दहा मोठे किल्ले आणि सोळा लहान गड-ठाणी राहिली. दहांमध्ये खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही आरमाराची घरं. सोळांची यादी आपल्या भागातल्या माणसानं मुद्दाम वाचावी. तिच्यात आपला माणिकगड आहे, नेरळच्या डोक्यावरचा विकटगड म्हणजे पेब आहे, कर्जतचा कोथळीगड आहे, आणि राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, हेही आहेत.

समुद्रावरच्या माणसाला हे डोंगरी गड कशाला हवे होते? नकाशा समोर ठेवला की कळतं. खोपोलीवरून बोरघाट वर जातो, खाली पाताळगंगा आपट्यावरून धरमतरच्या खाडीला जाऊन मिळते. घाटावरून उतरणारी फौज आणि मुंबई-पनवेलकडून येणारी फौज, दोन्ही याच पट्ट्यातून कुलाब्याकडे जाणार. आरमार समुद्रात असताना घराची मागची बाजू उघडी पडू नये, आणि गडाखालच्या गावांचा वसूल खलाशांच्या पगाराला यावा, असा हा हिशेब होता. या पाठबळावर कान्होजींनी आणि त्यांच्या मुलांनी चाळीस वर्षं युरोपातल्या तीन सत्तांच्या नव्या नव्या जहाजांना तोंड दिलं. तेही जुन्या, बापजाद्यांच्या घडणीच्या गुराबा आणि गलबतांनी.

या गुराबा नेमक्या कशा होत्या, ते आधी पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानं त्यांचं बारकाईनं वर्णन करून ठेवलं आहे. गुराबेला बहुतेक वेळा दोन डोलकाठ्या, मोठ्या गुराबेला तीन. दोन काठ्यांची गुराब सुमारे १५० टनांची, तीन काठ्यांची ३०० टनांच्या आसपास. लांबीच्या मानानं रुंदी बरीच, आणि बूड उथळ, त्यामुळे पाणी फार कमी लागायचं. मध्यापासून पुढे ती निमुळती होत जायची आणि शेवटी नाळ लांब पुढे आलेली, भूमध्य समुद्रातल्या वल्ह्यांच्या गॅलीसारखी. या नाळेवर भक्कम फळ्यांचा तक्ता असे, पण त्याला बाजूंनी कठडा नसे. समोरून लाट आली की गुराब जोरात डुबे, पाणी नाळेवर चढे आणि कठडा नसल्यानं तसंच दोन्ही अंगांनी वाहून जाई. नाळेच्या मागे लाकडी आडभिंत, आणि त्या भिंतीत दोन भोकं. त्या भोकांतून ९ किंवा १२ रत्तली गोळ्याच्या दोन तोफा थेट समोर रोखलेल्या. कुशीवरच्या तोफा त्याहून हलक्या, ६ ते ९ रत्तली.

गलबत हे त्याच घडणीचं धाकटं भावंड. मोठ्यात मोठं ७० टनांचं. मुख्य काठीवर एकच प्रचंड तिकोनी शीड, त्याचं टोक काठीच्याही वर जाणारं. वजन वाचावं म्हणून वरचा तक्ता अनेकदा चिरलेल्या बांबूंचा. काठाला छोट्या फिरत्या तोफा जडवलेल्या. आणि खरी गोष्ट म्हणजे चाळीस-पन्नास वल्ही. वारा पडला तरी गलबत तासाला चार मैल चालत असे.

आता दुसऱ्या बाजूचं जहाज बघा. युरोपातली लढाऊ जहाजं तेव्हा कुशीवरच्या तोफांच्या रांगांवर लढत. दोन-दोन मजल्यांवर तोफा, एका वेळी सगळी कूस पेटवली तर समोरचं काही उरत नाही. पण त्यासाठी जहाजाला आडवं व्हावं लागतं, आणि आडवं होण्यासाठी वारा लागतो. पिछाडीला तोफा थोड्या, सुकाणू तिथेच, आणि त्या अंगानं जहाज जवळजवळ उघडं. भर समुद्रात बहुतेक वेळा वारा असतो, तिथे हे चालून जातं. कोकण किनाऱ्यावर मात्र पहाटे जमिनीवरून मतलई वारे सुटतात, दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे येतात, आणि अधल्यामधल्या वेळी बऱ्याचदा पानही हलत नाही. त्या वेळेला पन्नास तोफांचं जहाज जागच्या जागी उभं राहतं.

आंगऱ्यांची लढाई उघडी पिछाडी आणि पडलेला वारा या दोन गोष्टींवर बेतलेली होती. शिकार टप्प्यात आली की खाडीतून दोर सोडून आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबतं बाहेर पडत. वारा असेल तर शिडावर, नसेल तर गलबतं वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. सगळे जमत ते शत्रूच्या पिछाडीला. तिथून नाळेच्या तोफा चालत, आणि पहिला नेम माणसांवर नसे, डोलकाठ्यांवर असे. गोलंदाज थांबून राही. पिछाडीवरून पाहताना समोरच्या जहाजाच्या तिन्ही काठ्या एकमेकींपासून सुट्या दिसू लागल्या की तो बत्ती देई, म्हणजे एक काठी चुकली तर दुसरी किंवा तिसरी सापडायची. काठ्या पडल्या की जहाज लंगडं झालं. मग जवळ जाऊन चारही अंगांनी भडिमार. तरीही शरण येत नसेल तर माणसांनी खचाखच भरलेली गलबतं एकाच वेळी सगळीकडून भिडत आणि तलवारी घेऊन लोक वर चढत.

हे शहाणपण एकट्या आंगऱ्यांचं नव्हतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र याच सुमाराचं, १७१५-१६ चं. त्यात आरमाराचं स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार थोर करू नयेत, फार लहानही करू नयेत, वाऱ्याशिवाय हलतच नाही असं अवजड तारू बांधू नये, असं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं यांचा एक सुभा, हे प्रमाणही त्यातलंच. म्हणजे मोठी जहाजं बांधता येत नव्हती म्हणून मराठे लहान तारवांवर राहिले, हा समज चुकीचा आहे. त्यांनी ते विचार करून ठरवलं होतं. मला तरी आज्ञापत्रातलं हे प्रकरण किल्ल्यांच्या प्रकरणाइतकंच मोलाचं वाटतं.

मुंबईला १७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून हा गव्हर्नर आला आणि त्यानं आंगऱ्यांना संपवायचं मनावर घेतलं. मुंबई शहराभोवती तट बांधला, आणि समुद्रासाठी नवी लढाऊ जहाजं बांधायला घेतली. सुरतेला, कारवारला, मुंबईला. ब्रिटानिया, फेम, रिव्हेंज, डिफायन्स अशी त्यांची नावं. दोन-तीन वर्षांत कंपनीकडे पश्चिम किनाऱ्यावर कधी नव्हता एवढा ताफा उभा राहिला. १७१७ साली तो विजयदुर्गावर गेला आणि हात हलवत परतला. १७१८ च्या नोव्हेंबरात बून स्वतः खांदेरीवर गेला. आपल्या अलिबागसमोरचं हे बेट. काही दिवस तोफा चालल्या, माणसं उतरवायचा प्रयत्न झाला, आणि नव्या ताफ्यासह साहेब मुंबईला परत आले.

तेव्हा बूनच्या लक्षात आलं की नुसती आणखी जहाजं बांधून भागणार नाही, वेगळंच काहीतरी बांधायला हवं. त्यातून फ्राम जन्माला आली. त्याच काळात उत्तर युरोपात, बाल्टिक समुद्रावर रशिया आणि स्वीडन यांची लढाई चालू होती आणि तिथे सपाट बुडाचे, जड तोफा वाहणारे तराफेवजा किल्ले उथळ पाण्यात वापरले जात होते. मुंबईची फ्राम त्याच जातीची. बूड सपाट, पाणी कमी लागणारं, म्हणजे खाडीत आंगऱ्यांच्या गुराबांच्या मागे थेट आत शिरता यावं. बाजू इतक्या जाड की किल्ल्यावरच्या गोळ्यांनी फुटू नयेत. आणि वर त्या काळातल्या जबर तोफा. कंपनीच्या लोकांनी तिच्याकडून फार मोठी आशा केली होती. गुराबेचा उथळपणा आणि किल्ल्याचा जाडपणा एकत्र आणायचा हा प्रयत्न होता, आणि कागदावर तो बिनतोड दिसतो.

सप्टेंबर १७२० मध्ये वॉल्टर ब्राउनच्या हाताखाली ताफा विजयदुर्गावर आला. इंग्रज त्या जागेला घेरिया म्हणत. त्यात होता क्लेमेंट डाउनिंग नावाचा एक तरुण दर्यावर्दी, ज्यानं पुढे १७३७ साली लंडनमध्ये या लढायांवर पुस्तक छापलं. फ्रामची फजिती आपल्याला कळते ती कंपनीच्या बाजूच्या अशा लोकांमुळेच. फ्राम वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी आणली गेली, बत्ती दिली, आणि गोळे किल्ल्याऐवजी पाण्यात जाऊन पडले. तोफांसाठी ठेवलेली भोकं अशा बेतानं कापली होती की तोंड पुरेसं वर उचलताच येईना. ऐन लढाईत सुतार बोलावून ती भोकं नव्यानं कापावी लागली. तोपर्यंत वेळ गेला, किल्ला सावध झाला होता. माणसं किनाऱ्यावर उतरवली, ती मार खाऊन परत आली. इंग्रजांनी आंगऱ्यांची सोळा तारवं जाळल्याचा दावा नंतर केला. खाडीत काही तारवांचं नुकसान झालं असेलही. विजयदुर्गाचा चिरा मात्र हलला नाही आणि आंगऱ्यांचं आरमार पुढच्या हंगामात पुन्हा समुद्रावर होतं.

फ्रामचा शेवट तर अधिकच वाईट झाला. परतीच्या वाटेवर ब्राउनच्या ताफ्यासमोर युरोपी चाचे आले. त्यांच्याजवळ कॅसँड्रा हे जहाज होतं, जे त्यांनी दोनच महिन्यांपूर्वी कोमोरो बेटांजवळ कंपनीच्या कप्तान जेम्स मॅक्रेकडून जिंकलं होतं. ब्राउनला पळ काढायचा होता आणि फ्राम त्याला पळू देईना. सपाट बुडाची, जड, स्वतःच्या शिडावर नीट न चालणारी. ती चाच्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनीच तिला पेटवून दिली. मुंबईच्या तिजोरीतून उभारलेलं ते नवं लढाऊ यंत्र एका मोहिमेतच संपलं, आणि ज्या गुराबांच्या नाशासाठी ते बांधलं होतं त्यांनी त्यावर चढाईही केली नव्हती. वाऱ्याशिवाय न हलणारं अवजड तारू बांधू नये, हे पाच वर्षांपूर्वी आज्ञापत्रात लिहिलेलं होतं. मुंबईच्या गव्हर्नरला ते वाचायला मिळालं असतं तर पैसे वाचले असते.

नंतरच्या वर्षी इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची चार जहाजं कमोडोर थॉमस मॅथ्यूजबरोबर आली आणि पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून डिसेंबर १७२१ मध्ये थेट कुलाब्यावर हल्ला झाला. ही लढाई मुख्यतः जमिनीवर झाली, म्हणून ती इथे लांबवत नाही. एवढंच सांगतो की बाजीराव पेशव्यांकडून पिलाजी जाधवराव स्वार घेऊन घाट उतरून आले होते. मराठ्यांच्या एका स्वारानं मॅथ्यूजच्या मांडीत भाला मारला. मॅथ्यूज संतापून त्याच्या मागे धावला आणि दोन्ही पिस्तुलं झाडली, तेव्हा लक्षात आलं की घाईत ती भरलीच नव्हती. पोर्तुगीजांनी ९ जानेवारी १७२२ ला वरसोलीला बाजीरावांशी वेगळा तह केला आणि इंग्रज एकटे पडले. पुढे १७२४ मध्ये डच सात जहाजं घेऊन विजयदुर्गावर आले. त्यांच्याबरोबर बाँबगोळे उंच उडवून किल्ल्यात टाकणारी दोन खास तारवंही होती. तेही रिकाम्या हातानं गेले.

कान्होजी ४ जुलै १७२९ ला वारले. त्यानंतर घरात फूट पडली. थोरले चिरंजीव सेखोजी १७३३ साली गेले. मग मानाजी कुलाब्याला आणि संभाजी दक्षिणेकडे, असे दोन आंगरे झाले आणि दोघे एकमेकांच्या जिवावर उठले. या भांडणाचे तपशील वाचताना मन खट्टू होतं. तरीही समुद्रावरची पद्धत तीच राहिली, आणि तिचं यशही. डिसेंबर १७३५ मध्ये इंग्लंडहून मुंबईला येणारं कंपनीचं डर्बी हे मोठं जहाज संभाजीच्या ताफ्यानं गाठलं. डर्बीवर तोफा होत्या, पण आधी तिच्या काठ्या पडल्या आणि मग ती पडली. तिच्यात मुंबईच्या गोदीसाठी आणलेलं जहाजी सामान भरलेलं होतं. ते सगळं आंगऱ्यांच्या गोदीत गेलं आणि पुढे इंग्रजांच्या सामानावर मराठी तारवं सजली.

संभाजीनंतर त्याचा भाऊ तुळाजी आला. तुळाजीबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. तो आडदांड होता, पेशव्यांचं ऐकत नसे, किनाऱ्यावरच्या मराठी रयतेलाही त्याचा त्रास झाला. पण दर्यावर त्याच्या तोडीचा माणूस त्या वेळी या किनाऱ्यावर नव्हता. १७४९ मध्ये त्यानं रिस्टोरेशन पकडलं. मुंबईच्या सरकारनं हे जहाज मुद्दाम आंगऱ्यांशी लढायला सज्ज केलं होतं, मुंबईच्या ताफ्यातलं ते सर्वांत चांगलं मानलं जाई. पाच गुराबा आणि गलबतांचा घोळका त्याच्यावर तुटून पडला. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तोफा चालल्या, आणि दुसऱ्या दिवशी लोक चढले आणि जहाज घेतलं. फेब्रुवारी १७५४ मध्ये डचांची तीन जहाजं एकत्र चालली होती, एक ५० तोफांचं, एक ३६ चं, एक १८ चं. तुळाजीनं दोन मोठी जाळली आणि तिसरं ताब्यात घेतलं. ५० तोफांचं जहाज ही काही थट्टा नव्हती. युरोपातल्या मोठ्या लढायांत अशी जहाजं रांगेत उभी राहून लढत.

यात एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. रिस्टोरेशन जिंकल्यावर तुळाजीनं ते मोडलं नाही, आपल्या ताफ्यात ठेवलं. विजयदुर्गाच्या गोदीत तो युरोपी धर्तीची मोठी जहाजंही बांधायला लागला होता. नव्याचं त्याला वावडं नव्हतं. त्याच्या लढाईचा कणा मात्र गुराब आणि गलबत हाच होता, कारण कोकणच्या खाड्या, कोकणचा वारा आणि कोकणातले कोळी-भंडारी खलाशी यांना तीच जमत. मला यात आंगऱ्यांचं सगळ्यात मोठं शहाणपण दिसतं: शत्रूकडून मिळेल ते घ्यायचं, पण आपली लढाई आपल्या पाण्यावर आणि आपल्या तारवांवर लढायची.

मग हे आरमार बुडालं कसं? नानासाहेब पेशव्यांना तुळाजी नको होता. मार्च १७५५ मध्ये त्यांनी इंग्रजांशी करार केला. कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव यांनी तो घडवून आणला. एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सनं प्रोटेक्टर हे ४४ तोफांचं जहाज घेऊन सुवर्णदुर्ग पाडला. मग फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर ॲडमिरल चार्ल्स वॉटसन आला. केंट, कंबरलँड, टायगर, सॅलिसबरी ही राजाच्या आरमाराची जहाजं त्याच्याबरोबर, आणि जमिनीवरची फौज लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखाली. पेशव्यांची फौज जमिनीच्या बाजूनं आली होती. तुळाजी तिच्या छावणीत बोलणी करायला गेला आणि तिथेच अडकला. किल्ल्यात आणि ताफ्यात हल्ल्याच्या दिवशी धनी नव्हता.

१२ फेब्रुवारीला दुपारी वॉटसनची जहाजं खाडीत शिरली आणि त्यांनी सगळ्या तोफा एकदम उघडल्या. आंगऱ्यांचा ताफा किल्ल्याच्या आश्रयाला, खाडीत, एकमेकांना बांधून उभा होता. ज्या युक्तीनं तो इतकी वर्षं जिंकत आला होता, तिच्यासाठी लागते मोकळी जागा, शत्रूची पिछाडी, पडलेला वारा. यातलं काहीच तिथे नव्हतं. चारच्या सुमाराला एक बाँबगोळा रिस्टोरेशनवर पडला. ते पेटलं, त्याच्या शेजारची गुराब पेटली, तिच्या शेजारचं गलबत पेटलं, आणि बघता बघता सगळं आरमार आगीत गेलं. गोदीत उभी असलेली दोन अर्धवट मोठी जहाजंही गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला शरण आला. इंग्रजांनी लूट आपसांत वाटून घेतली, पेशव्यांना त्यातलं काही दिलं नाही. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

त्या दुपारी गुराबा नव्या जहाजांपुढे हरल्या, असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं असतं. माझ्या मते ते खरं नाही. गुराबा समुद्रात लढल्याच नाहीत. खाडीत दाटीनं बांधून ठेवलेलं कुठलंही आरमार, जुनं असो की नवं, आगीपुढे टिकलं नसतं. आणि ते खाडीत बांधून ठेवण्याची पाळी आली ती जमिनीवर आपल्याच पेशव्यांची फौज उभी होती म्हणून. पूर्वी संकटात घाटावरून मदत उतरायची, जशी १७२१ मध्ये पिलाजी उतरले. या वेळी घाटावरून आलेली फौज समोरच्या बाजूला होती.

इंग्रजांनी विजयदुर्ग लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहात त्यांनी तो पेशव्यांना परत दिला आणि बदल्यात बाणकोट घेतलं. त्याच सुमाराला वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासहून बंगालकडे निघाले. केंट, टायगर आणि सॅलिसबरी ही तीच जहाजं मार्च १७५७ मध्ये फ्रेंचांच्या चंद्रनगरवर चालून गेली, आणि जूनमध्ये प्लासीची लढाई झाली.

पेशव्यांनी पुढे विजयदुर्गात स्वतःचं आरमार ठेवलं आणि ते धुळप घराण्याकडे दिलं. तारवांची घडण जुनीच राहिली. ८ एप्रिल १७८३ ला आनंदराव धुळपांच्या ताफ्याला रत्नागिरीच्या बाजूला कंपनीच्या मुंबई मरीनचं रेंजर हे जहाज दिसलं. त्यावर बिदनूरकडच्या फौजेला जाऊन मिळणारे इंग्रज अधिकारी होते, कर्नल हंबरस्टन, कर्नल मॅक्लाउड, मेजर शॉ. लेफ्टनंट प्रुएन कप्तान होता. मराठे आणि इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला होता, तरी समुद्रावर गाठ पडली ती शत्रू म्हणूनच. धुळपांकडे दोन मोठी तारवं, एक मध्यम आणि आठ गलबतं होती. इंग्रज काही तास निकरानं लढले. मेजर शॉ ठार झाला, हंबरस्टन जखमी होऊन पुढे मरण पावला, मॅक्लाउडही जखमी झाला, आणि रेंजर धुळपांच्या हाती आलं. फ्राम जळून तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती आणि विजयदुर्गाच्या आगीला सत्तावीस. जुन्या घडणीची तारवं आणि तीच लढण्याची रीत, नव्या जहाजावर पुन्हा चालली होती.

म्हणून मी नानासाहेब पेशव्यांना या प्रकरणात माफ करू शकत नाही. तुळाजीला वठणीवर आणणं हा घरचा प्रश्न होता आणि तो घरी सोडवता आला असता, जसा बाळाजी विश्वनाथांनी १७१४ मध्ये कान्होजींचा सोडवला होता. माणिकगड, पेब, कोथळीगड, राजमाची देऊन त्यांनी एक आरमार स्वराज्याच्या बाजूला आणलं. त्यांच्याच नातवानं, नानासाहेबांनी, इंग्रजांना खाडीत बोलावून तेच आरमार जाळून घेतलं, आणि त्याची किंमत म्हणून बाणकोटही गमावलं.